शिवारातले सोबती : चतुरातला नर कोणता, मादी कोणती?

पोळा झाला, की आपल्या वऱ्हाडात उन्हाची कळा पालटते. पऱ्हाटीला पात्या-फुले लागलेली असतात, तूर कमरेला आलेली असते, सोयाबीनच्या शेंगा भरत असतात. अशात पावसाने दोन दिवस उघडीप दिली, की वावरावर पिवळ्या चतुरांचे थवेच्या थवे तरंगू लागतात. पुस्तकात ज्याला चतुर म्हणतात, त्याला आपले पोट्टे ‘हेलिकॉप्टर’ म्हणून मोकळे होतात. कोणी त्याला चिमटीत धरून शेपटीला दोराही बांधतात. तो खेळ आपणही लहानपणी खेळलो असू. पण चांगला नव्हे तो.

अशाच दिवसांत नाल्याकाठी घडणारा एक प्रसंग पाहा. आजी धुणे धूत आहे, नातू पाण्यात पाय सोडून बसला आहे. समोरून दोन चतुर एकमेकांना चिकटलेले उडत येतात.

“काय वं आजी, हे दोघं भांडून राह्यले का?”

“भांडत नाहीत रे बाप्पा, जोडी हाये ते.”

“मंग त्यातला नर कोन्ता?”

“मले काय मालूम! तुह्या बापाले इचार.”

बाप चार हात वरच्या अंगाला असतो. तो म्हणतो, “थांब ना जरासाक, पंप धुऊन राह्यलो.”

वाचकहो, नातवाच्या प्रश्नाचे उत्तर फार सोपे आहे. ते या खेपेला आपण समजून घेऊ. आणि त्या उत्तराचा बापाच्या पंपाशी काय संबंध, तेही शेवटी पाहू.

चतुर आणि टाचणी

आधी एक घोटाळा मिटवू. पाण्यावर उडणारे हे किडे दोन तऱ्हेचे असतात. एक चतुर. हा अंगाने दणकट, आणि बसताना चारी पंख आडवे पसरून बसतो. दुसरी टाचणी. ती काडीसारखी बारीक असते आणि बसली की बहुधा पंख मिटून पाठीवर घेते. चतुराचे डोळे मोठे, बहुतेकांचे एकमेकांना भिडलेले. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना दोन मणी ओवावेत तसे लांब लांब. कुळ मात्र दोघांचे एकच.

आपल्या देशातल्या चतुर-टाचण्यांची नीट नोंद फ्रेझर नावाच्या एका फौजी डॉक्टरने केली. त्याचे तीन खंड 1933 ते 1936 या काळात निघाले. 2015 साली महाराष्ट्रातल्या चतुर-टाचण्यांची एक यादी प्रसिद्ध झाली, तीत 134 जाती नोंदल्या आहेत. घाबरू नका, आपल्याला तेवढ्या पाठ करायच्या नाहीत. नर-मादी ओळखायला तीन खुणा पुरतात.

पहिली खूण : पुढचा नर, मागची मादी

चतुराला ‘शेपूट’ म्हणून जे आपण धरतो ते शेपूट नव्हे, पोट आहे. उसाच्या कांडीसारखी त्याला पेरे असतात, मोजून दहा. नराच्या शेवटच्या पेराला चिमटा असतो. त्या चिमट्याने नर चतुर मादीला डोक्यामागे धरतो. टाचणीचा नर मादीला मानेच्या जागी, छातीच्या पुढल्या भागाला धरतो. म्हणून दोघे एकामागे एक जोडलेले उडताना दिसले, की पुढचा तो नर आणि मागची ती मादी. यात चूक व्हायची नाही.

कधी ही जोडी गवताच्या काडीवर बसून पिंपळपानासारखा आकार करते. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. नराचे बीज तयार होते ते पोटाच्या टोकाशी, नवव्या पेराजवळ. पण टोकाचा चिमटा तर मादीला धरण्यात गुंतलेला! म्हणून नर आधीच पोट वाकवून आपले बीज छातीलगतच्या दुसऱ्या पेराखाली असलेल्या खोबणीत आणून ठेवतो. मादी मग आपले पोट पुढे वळवून तिथून ते घेते. किड्यांच्या दुनियेत ही रीत फक्त याच कुळाची.

दुसरी खूण : कमरेखालची गाठ

एकटा चतुर बसलेला असेल तर? वर सांगितलेली ती खोबणीच खूण म्हणून उपयोगी पडते. चतुराला पकडू नका, आडव्या अंगाने नुसते पाहा. छाती संपते आणि पोट सुरू होते तिथे, खालच्या अंगाला, लहानशी गाठ बाहेर आलेली दिसली तर तो नर. तो भाग खालून सपाट असेल तर मादी. मुलांकडे मोबाइल असेल तर बाजूने फोटो काढून मोठा करून पाहावा, गाठ लगेच दिसते.

टोकही पाहून घ्या. नर चतुराच्या टोकाला तीन भागांचा चिमटा असतो, वर दोन आणि खाली एक. नर टाचणीचा चिमटा चार भागांचा. मादीच्या टोकाला दोन आखूड काड्या तेवढ्या असतात. मादीचे पोट बहुधा जरा जाडसर आणि सरळ असते, कारण तिला अंडी वागवायची असतात. काही जातींच्या माद्यांना आठव्या-नवव्या पेराखाली बारीक सुरीसारखे अवयव असतात. त्यांनी त्या पाणवनस्पतीच्या देठाला चीर देऊन आत अंडी घालतात. ही सुरी पाहून कोणी म्हणते, ‘डंख मारते.’ तसे नाही. चतुर कोणालाही डंख मारत नाही. त्याच्याजवळ डंख नाही आणि विषही नाही.

तिसरी खूण : रंग

आता रंगाकडे वळू. अमरावतीच्या वडाळी तलावाकाठी, छत्री तलावाकाठी, अकोल्याच्या कापशी तलावाकाठी किंवा आपल्याच गावच्या शेततळ्याकाठी अर्धा तास बसलात तरी पुढल्यापैकी दोन-चार तऱ्हा दिसाव्यात.

लाल चतुर : डोक्यापासून टोकापर्यंत लालभडक असतो तो नर. पोटाच्या पाठीवर मधोमध बारीक काळी रेघ. मादी फिक्कट पिवळी-तपकिरी, तिलाही तशी रेघ. दोघे शेजारी बसले तर एका जातीचे आहेत असे कोणी म्हणणार नाही. शास्त्रात याला क्रोकोथेमिस सर्व्हिलिया म्हणतात. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे काम पडेल.

सांडपाण्यावरचा चतुर : गावच्या गटारावर, घाण पाण्याच्या नाल्यावरही हा तग धरतो. नराचे पंख नारिंगी झाकेचे, अंग तांबूस. मादीचे पंख स्वच्छ काचेसारखे, अंग मळकट हिरवट-पिवळे.

गुलाबी चतुर : नर जांभळट गुलाबी, पंखांच्या शिराही लालसर. मादी पिवळसर तपकिरी, अंगावर काळ्या खुणा.

चितकबरा चतुर : उडताना फुलपाखरू वाटते. दोघांचेही पंख पिवळे-काळे. नराच्या पंखांवर पिवळी झाक टोकापर्यंत गेलेली. मादीच्या पुढच्या पंखांचे टोकाकडचे अर्धे अंग पारदर्शक, आणि मागच्या पंखांवर काळा रंग जास्त.

पायवाटेवरचा चतुर : लहानसा, धुऱ्यावर नि पायवाटेवर जमिनीला टेकून बसणारा. मादी हिरवट-पिवळी, काळ्या खुणांची. वयात आलेला नर निळसर, अंगावर राख फासावी तसा.

रंग फसवतो तेव्हा

इथेच पुष्कळ जण चुकतात. रंग वयाबरोबर बदलतो. लाल चतुराचा नर नुकता जन्मला की मादीसारखाच पिवळा असतो. लाली चढते ती वयात आल्यावर. पायवाटेवरचा निळा नरही तरुणपणी मादीसारखा हिरवट-पिवळाच दिसतो. म्हणजे पिवळा दिसला म्हणून तो मादीच, असे धरू नये. गाठ पाहावी.

काही जातींत नर-मादीचा रंग जन्मभर सारखाच राहतो. घराच्या दगडी भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर करडा-ठिपकेदार चतुर बसतो तो यातलाच. दगडात असा मिसळतो की उडाल्याशिवाय दिसत नाही. आणखी एक हिरव्या-काळ्या पट्ट्यांचा, कमरेत बारीक, मोठा शिकारी असतो. तो दुसऱ्या चतुरांनाही धरून खातो. याच्या पोटाचे बूड नराचे काय नि मादीचे काय, दोघांचेही फुगीर असते. म्हणून नुसती फुगवटी पाहून ‘नर’ म्हणू नका, खालची गाठ दिसली पाहिजे.

टाचण्यांत तर आणखी गंमत. त्यांच्यातल्या काही जातींत काही माद्या हुबेहूब नराच्या रंगाच्या असतात. नर सारखे मागे लागतात तो त्रास वाचावा म्हणून हे सोंग, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

पाण्यावर नर, पिकावर मादी

आता कामाची गोष्ट. तळ्याकाठी पाहाल तर नरच जास्त दिसतील. एकेक नर काठाचा एकेक तुकडा आपला म्हणून धरून बसतो, आणि दुसरा नर आला की त्याला हाकलतो. धुऱ्यावरून भांडणे काय आपणच करतो? माद्या मात्र बहुतेक वेळ पाण्यापासून दूर असतात. वावरात, गवतात, झाडांच्या कडेला त्या शिकार करून पोट भरतात. वयात न आलेले चतुरही तिकडेच असतात. मादी पाण्यावर येते ती जोडी जमवायला आणि अंडी घालायला.

अंडी घालतानाची खूण लहान मुलालाही कळेल. मादी पाण्यावर खालीवर होत पोटाचे टोक पाण्याला टेकवते, उचलते, पुन्हा टेकवते. लाल चतुराचा नर त्या वेळी वरती घिरट्या घालून राखण करतो. पिवळ्या चतुरांची जोडी तर पुष्कळदा जोडलेल्या अवस्थेतच पाण्यावर टेकत जाते. नर एवढी राखण का करतो? 1979 साली अमेरिकेतल्या एका संशोधकाने टाचण्यांवर हे दाखवून दिले, की नर स्वतःचे बीज देण्याआधी मादीच्या अंगातले आधीच्या नराचे बीज खरवडून काढतो. म्हणजे राखण केली नाही तर आपलीही तीच गत, हे जणू प्रत्येक नराला ठाऊक असते.

मादी पाणी ओळखते ते त्याच्या चकाकीवरून. त्यामुळे कधी ती मोटारीच्या टपाला किंवा काळ्या प्लास्टिकच्या चकचकीत कागदाला पाणी समजून तिथेच टेकत बसते. ती अंडी फुकट जातात. पाणी चकाकते आहे एवढे तिला कळते. त्यात विष कालवले आहे की नाही, हे मात्र तिला बहुधा कळत नाही. हे लक्षात ठेवा.

पाण्यातले पिल्लू

अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्यातच वाढते. मातकट रंगाचे, सहा पायांचे, दिसायला कुरूप. त्याचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. सावज जवळ आले की तो झटकन पुढे जातो आणि धरतो. डासांच्या अळ्या हे त्याचे आवडीचे खाणे. पावसाच्या डबक्यात वाढणाऱ्या पिवळ्या चतुराचे पिल्लू सहा-आठ आठवड्यांत मोठे होते; इतर काही जातींना महिनेच्या महिने लागतात. पूर्ण वाढले की ते गवताच्या काडीवर चढते, पाठ उकलते आणि आतून चतुर निघतो. ती रिकामी कात काडीला चिकटलेली राहते. शेततळ्याच्या कडेला मुलांना शोधायला सांगा, सापडेल.

ब्रह्मदेशातल्या रंगून शहरात, म्हणजे आजच्या यांगूनमध्ये, याच पिल्लांचा उपयोग डेंग्यूचा डास हटवायला करून पाहिला. 1980 च्या दशकात तिथल्या संशोधकांनी लोकांच्या मदतीने घरोघरच्या पाण्याच्या पिंपांत चतुराची मोजकी पिल्ले सोडली. काही आठवड्यांत डासांच्या अळ्या पुष्कळच घटल्या. आणि तो चतुर कोणता? तोच क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, नर लालभडक नि मादी पिवळी, आपल्या तळ्यावरचा. तरीही, पिण्याच्या पाण्याचा रांजण नि टाके आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून कोरडे करणे याला दुसरा तोड नाही. चतुर आहे म्हणून घासणी बाजूला ठेवू नये.

पिवळ्या चतुराबद्दल एक नवल सांगितल्यावाचून राहवत नाही. मालदीव बेटांवर राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाला ऑक्टोबर आला की तिथे चतुरांचे थवे दिसत. त्या बेटांवर गोडे पाणी वर जवळजवळ नाहीच, मग हे आले कुठून? वर्षानुवर्षे तारखा टिपून 2009 साली त्याने मांडले, की हे चतुर भारतातून निघतात आणि वाऱ्याच्या साथीने समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात. दोन इंचांचा जीव नि एवढा पल्ला! भादव्यात आपल्या तुरीवर तरंगणारे तेच कुळ.

आता पंपाची गोष्ट

चतुर आला की फवारणी नको, असे मी तुम्हाला सांगणार नाही. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते, तिथे चतुर पोचत नाही. तो उडते किडे धरतो : डास, माश्या, चिलटे, लहान पतंग. कधी मधमाशीही धरतो, तेही कबूल. तेव्हा त्याला देव करायला नको. पण डासाची अळी पाण्यात खाणारा आणि डास हवेत खाणारा असा दुहेरी राखणदार फुकट मिळत असेल, तर त्याला आपल्याच हाताने मारायचे का, एवढाच प्रश्न आहे.

फवारणीनंतर पंप नाल्यात बुचकळून धुतला, रिकामी बाटली तिथेच टाकली, की ते विष पाण्यातल्या पिल्लांपर्यंत पोचते. डासांची पैदास त्या मानाने लवकर सावरते, कारण त्याची पिढी आठवडा-दीड आठवड्याची. चतुराची पिढी दोन-चार महिन्यांची. राखणदार गेला आणि चोर परत आला, अशी गत होते. त्यात आपल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे पावसाच्या पाण्याचे शेततळे म्हणजे जीव की प्राण. तेच पाणी बैल पितात, त्याच पाण्यात पोरे डुंबतात.

हे विष माणसालाही सोडत नाही, हे आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने 2017 च्या हंगामात पाहिले. पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तिथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या औषधाने धडधाकट माणूस आडवा होतो, ते औषध नाल्यात सोडताना हात थांबला पाहिजे.

म्हणून एवढे करा. औषधाची बाटली रिकामी झाली की तीनदा पाण्याने खळबळून ते पाणी पंपातच ओता आणि पिकावरच फवारा. पंप धुवायचा तो नाला, विहीर, तळे यांपासून दूर, पडीक जागेवर. धुतलेले पाणी वाहून पाण्यात जाणार नाही असे पाहा. बाटलीला भोक पाडा, म्हणजे कोणी घरात तेल भरायला नेणार नाही. फवारणाऱ्याने तोंडावर फडके, हातात मोजे, अंगभर कपडे घालावेत आणि वाऱ्याच्या उलट दिशेला फवारू नये. तळ्याच्या काठचे गवत सगळेच्या सगळे कापू नका, एका बाजूला दोन हात पट्टा राहू द्या. पिल्लाला वर चढायला काडी लागते.

आणि येत्या रविवारी, ऊन चढल्यावर, पोरांना घेऊन तळ्यावर जा. मात्र पाण्याच्या कडेला त्यांना एकटे सोडू नका. दोरा घरी ठेवा, वही-पेन्सिल सोबत घ्या. तीन रकाने पाडा : नर किती, मादी किती, जोड्या किती. जोडीत पुढचा नर, मागची मादी. एकटा असेल तर कमरेखालची गाठ. रंग शेवटी. आणि चौथ्या रकान्यात एवढेच लिहा, मादी पाण्याला कुठे टेकली.

ती जागा घरधन्याला दाखवून ठेवा. पंप तिथे धुवायचा नाही.